सूज उतरवण्याआधी तिचे कारण शोधा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू होऊन थंडी पडू लागली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी हमखास ऐकू येते : "गुडघा लई ठणकतोय, सूज उतरायची एक भारीतली गोळी द्या." गोळी मिळते, दोन दिवसांत सूज उतरते, माणूस कामाला लागतो आणि ती सूज मुळात आली कशाने, हे विचारायचे राहून जाते. दुसरीकडे, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांनी शरीरातला दाह हेच सगळ्या रोगांचे मूळ ठरवून टाकले आहे आणि तो समूळ घालवण्याची हमी देत काढे, चूर्णे व कॅप्सूल विकण्याचा धंदा तेजीत आला आहे. माझे आयुष्य प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात गेले. या दोन्ही समजुतींपायी माणसांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात तो दाह ही बहुतेक वेळा शरीराने एखाद्या जंतूवर किंवा इजेवर केलेली कारवाई असते आणि ती कशावर चालली आहे हे न पाहता परस्पर बंद पाडणे धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेतात पायात काटा मोडला तर काय होते ते आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि दुखते. ही चार लक्षणे इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने याच शब्दांत नोंदवून ठेवली आहेत. त्यामागे जे घडते ते असे : काट्याजवळच्या पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात, त्यामुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होऊन रक्तातले पाणी व प्रथिने बाहेर झिरपतात आणि काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्या भिंतींतून बाहेर पडून काट्याबरोबर आत आलेल्या जंतूंना गिळू लागतात. एकदोन दिवसांनी मॅक्रोफेज या मोठ्या पेशी येतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात आणि जखम भरून येण्याची तजवीज करतात. पेशींनी परक्या वस्तूला असे घेरणे एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना येथे पहिल्यांदा नीट पाहिले. त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात काटा टोचून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला त्याला दिसला. या कामासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पॉल अर्लिक यांच्याबरोबर मिळाले.

ही यंत्रणा नसती तर काय झाले असते, याचा पुरावा कर्करोगाच्या वॉर्डात मिळतो. औषधोपचारामुळे ज्या रुग्णाच्या न्यूट्रोफिलची संख्या एका मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली जाते, त्याच्या जखमेत पू होत नाही, फारशी सूजही येत नाही. मात्र साधा ताप आला तरी तो काही तासांत जिवावर बेतू शकतो, म्हणून डॉक्टर वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात. सूज दिसत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असा अर्थ काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता माझ्या कामाविषयी थोडे. ईएसआर ही तपासणी वाचकांपैकी अनेकांनी करून घेतली असेल. सायट्रेट मिसळलेले रक्त २०० मिलिमीटरपर्यंत खुणा असलेल्या काचेच्या बारीक नळीत भरायचे, नळी स्टँडमध्ये अगदी सरळ उभी करायची आणि एक तासाने वरच्या बाजूला किती मिलिमीटर पिवळसर पाणी मोकळे झाले ते वाचायचे, एवढीच ती तपासणी आहे. शरीरात दाह असला की यकृत फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन जास्त बनवते, त्यामुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड झालेल्या त्या चळती नळीत लवकर खाली बसतात. नळी किंचित कलली, टेबल हादरत राहिले किंवा स्टँडवर ऊन आले तरी आकडा चुकतो. रुग्णाला पंडुरोग असेल, बाई गरोदर असेल किंवा वय जास्त असेल तर दाह नसतानाही तो वाढलेला येतो. सीआरपी हे यकृतात बनणारे दुसरे प्रथिन १९३० मध्ये सापडले. इजेनंतर सहा-आठ तासांतच ते रक्तात चढू लागते आणि कारण दूर झाले की झपाट्याने उतरते, त्यामुळे ते ईएसआरपेक्षा अधिक चटपटीत आहे. परंतु शरीरात कुठेतरी काहीतरी चालले आहे, यापलीकडे या दोन्ही तपासण्या काही सांगत नाहीत. क्षयात सीआरपी वाढतो, न्यूमोनियात वाढतो, आमवातात वाढतो, दातांच्या मुळाशी पू झाला तरी वाढतो. अलीकडे लोक 'फुल बॉडी'च्या पॅकेजमध्ये ही तपासणी करून घेतात आणि वाढलेला आकडा पाहून तो आकडाच खाली आणणारे औषध मागतात. आकडा कशामुळे वाढला हे शोधण्यासाठी रुग्णाला हात लावून तपासणारा डॉक्टर लागतो, त्याला पर्याय नाही.

दुखण्याच्या गोळ्यांकडे वळतो. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातकुळीतल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन वगैरे गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होऊ देत नाहीत, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रोस्टाग्लँडिनमुळे सूज व दुखणे वाढते हे खरे. पण जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण तीच करतात आणि शरीरात पाणी कमी पडले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही तीच टिकवून धरतात. म्हणूनच पहाटेपासून फडात ऊस तोडणाऱ्या, घामाने निथळणाऱ्या आणि दिवसभरात तांब्याभर पाणी पिणाऱ्या मजुराने रोज अंगदुखीवर अशी गोळी घेणे हे घरात बसलेल्या माणसाने ती घेण्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचे आहे. उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांमुळे जठरात व्रण होऊन काळी शौचास होणे, हिमोग्लोबिन अचानक घसरणे आणि मूत्रपिंड बिघडल्याचे दाखवणारे क्रिएटिनिन वाढलेले आढळणे हे प्रयोगशाळेत नवलाचे राहिलेले नाही. याच डायक्लोफिनॅकने गिधाडांचे काय केले ते आपल्यासमोर आहे. औषध दिलेल्या जनावराचे मृत शरीर खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर आपल्या आकाशातून गिधाडे जवळपास नाहीशी झाली होती. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाएवढे नाजूक नाही, हे मान्य. पण ते अभेद्यही नाही.

याहून गंभीर प्रकार स्टेरॉइडचा, म्हणजे दाह जोराने दाबणाऱ्या औषधांचा, आहे आणि त्याविषयी मला जरा विस्ताराने लिहू द्यावे. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताने खाटेला खिळलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले आणि त्या थोड्याच दिवसांत चालू लागल्या. १९५० मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना नोबेल मिळाले, आणि त्या औषधाचे दुष्परिणामही तेव्हाच ठळक होऊ लागले होते. योग्य रुग्णाला योग्य वेळी दिलेले स्टेरॉइड जीव वाचवते, याविषयी दुमत नाही. कोविडच्या काळात ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने २०२० च्या जूनमध्ये दाखवले, की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड जास्तीत जास्त १० दिवस दिल्यास व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना त्याच औषधाचा काहीही फायदा झाला नाही. गंभीर रुग्णांत विषाणूपेक्षा अनावर झालेला दाह फुप्फुसांचा घात करत होता, सौम्य रुग्णांत तोच दाह विषाणूशी लढत होता. औषध एकच, आजार एकच, तरी कोणत्या टप्प्यावर द्यायचे यावर सगळे अवलंबून होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत घरच्या घरी, पहिल्याच दिवसापासून आणि भरमसाट प्रमाणात स्टेरॉइड घेतले गेले, त्यात अनेकांची साखर आधीच वाढलेली होती, आणि काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे व जबडे गेले हे वाचकांना सांगायला नको.

तरीही आमच्या भागात सांधेदुखीवरची 'जडीबुटीची पुडी' चालूच आहे. शाहूवाडीकडच्या एका गावातून आलेल्या एका बाईंचे रक्त तपासल्याचे मला आठवते. त्यांचे सांधे गेल्या वर्षभरात छान मोकळे झाले होते, ईएसआरही अगदी नॉर्मल आला आणि त्या पुडी देणाऱ्याला दुवा देत होत्या. पण चेहरा गोल व तुकतुकीत झालेला, पोट सुटलेले, हातपाय मात्र बारीक, आणि सुई टोचण्यासाठी दंडाला रबर बांधले तर तेवढ्यानेच कातडीखाली जांभळे डाग उमटले. साखर उपाशीपोटीसुद्धा चांगलीच वाढलेली होती. डॉक्टरांनी शंका येऊन सकाळचे कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टेरॉइड, तपासायला सांगितले, ते जवळजवळ नव्हतेच. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यामुळे हे कॉर्टिसॉल बनवणाऱ्या त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी काम थांबवले होते. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली ती करड्या रंगाची पूड देताना "यात साइड इफेक्ट नाही" असे त्यांना सांगण्यात आले होते. अशा पुड्यांत दळलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मिसळलेल्या असतात, ही गोष्ट डॉक्टरमंडळींना वर्षानुवर्षे माहीत आहे. त्यामुळे हाडे ठिसूळ होतात, खुब्याचे हाड रक्तपुरवठा तुटून खचू शकते, दबून राहिलेला क्षय उफाळतो आणि सर्वांत वाईट म्हणजे खऱ्या आमवाताचे निदान कित्येक वर्षे लांबते. आमवातावर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आज उपलब्ध आहेत, ती फार महागही नाहीत, आणि वेळेत सुरू केली तर बोटे वाकडी होण्यापासून वाचतात. म्हणून हा उशीर मला अक्षम्य वाटतो.

जशी सूज दाबण्याची घाई होते, तशीच गप्प राहणाऱ्या दाहाकडे डोळेझाकही होते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्या आहेत, त्यांच्यावर हजारो घरे चालतात आणि कोल्हापूरला त्यांचा अभिमान आहे. साच्याच्या वाळूची सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसाच्या टोकापर्यंत गेली की तिथल्या मॅक्रोफेज पेशी ती जंतूप्रमाणेच गिळतात. जंतू पचतो, वाळूतल्या सिलिकाचा कण पचत नाही. तो पेशीच्या आतली पिशवी फोडतो, पेशी इंटरल्युकिन-१ बीटा नावाचे दाह पेटवणारे प्रथिन बाहेर टाकते आणि मरते. कण मोकळा होतो, दुसरी पेशी येऊन त्याला गिळते आणि पुन्हा तेच घडते. हा प्रकार नोकरी सोडल्यावरही थांबत नाही, कारण धूळ आतच असते. हळूहळू फुप्फुसात कठीण गाठी होतात, दम लागतो आणि क्षयाची बाधा सहज होते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात आणि तो झाल्यावर बरा करणारे औषध नाही. कायद्यानुसार त्याची नोंद कळवणे बंधनकारक आहे, तरीही अशा कामगारावर खोकल्याची औषधे घेत दवाखाने पालथे घालण्याची वेळ येते आणि तो काय काम करतो हे विचारलेच जात नाही. वाळू ओली ठेवणे, धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू ठेवणे आणि तोंडाला रुमालाऐवजी योग्य मास्क देणे हे या दाहावरचे खरे उपाय आहेत आणि ते कारखान्यातच करावे लागतात.

हेच इंटरल्युकिन-१ बीटा हृदयविकारातही आढळते, हे गेल्या काही वर्षांतले महत्त्वाचे संशोधन आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेल्या कोलेस्टेरॉलभोवती मॅक्रोफेज जमतात, दाह वाढून तो थर फुटतो आणि गुठळी होऊन झटका येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कँटॉस चाचणीत, आधी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी वाढलेला असणाऱ्या १० हजारांहून अधिक रुग्णांपैकी काहींना हे एकच प्रथिन निकामी करणारे औषध आणि बाकीच्यांना औषध नसलेले इंजेक्शन देण्यात आले. कोलेस्टेरॉल कमी न होताही, १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत झटका, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. दाहाचा हृदयविकारात हात आहे, हे त्यातून सिद्ध झाले. पण औषध घेणाऱ्या रुग्णांत जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. जगातल्या सर्वांत नेमक्या औषधांपैकी एकाने दाह कमी केला तर त्याची ही किंमत मोजावी लागली. 'शरीरातला सगळा दाह साफ करा' असे सांगणाऱ्या जाहिरातदारांनी या निष्कर्षाकडे जरूर पाहावे.

आपल्या घरातले एक उदाहरण हिरड्यांचे आहे. खेड्यांतल्या अनेक बायका आजही दिवसातून दोन-तीनदा मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, त्याने हिरड्या मागे सरकतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. दातांवर साठलेल्या किटणात जंतू वाढतात, हिरड्या सुजतात, घासताना रक्त येते, आणि "वय झालं, दात हलायचेच" असे म्हणून विषय संपवला जातो. हिरड्यांचा जुना दाह आणि मधुमेह एकमेकांना वाढवतात. उलट, मधुमेही रुग्णाच्या हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, सुमारे ०.४ टक्क्याने खाली येतो, असे अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो. दंतवैद्याकडून साफसफाई करून घेणे हा मधुमेहाच्या उपचाराचाच भाग मानायला हवा. चुलीचा व गुऱ्हाळाचा धूर, सिगारेट आणि पोटावर साठलेली चरबी हीदेखील मंद दाहाची ठिकाणे आहेत, त्यांवर बरेच लिहिले जाते, म्हणून मी पुनरुक्ती करत नाही.

लहान मुलांचा घसा मात्र विसरता येणार नाही. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकसने सुजला आणि नुसत्या तापाच्या गोळीवर वेळ मारून नेली, तर काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी सांधे एकामागून एक सुजतात. त्या जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवर उलटते आणि त्या कायमच्या निकामी होऊ शकतात. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केले तरी हा संधिज्वर टळतो. सांधे सुजलेल्या अशा मुलाला "वाढीचं दुखणं आहे" म्हणून दुखण्याची गोळी देणे म्हणजे झडपांचे नुकसान होत असताना त्याची दिसणारी खूणच पुसून टाकणे होय. अशा मुलाची डॉक्टरांकडून हृदयतपासणी झालीच पाहिजे आणि संधिज्वर ठरला तर दर तीन आठवड्यांचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चुकवू नये.

हळदीविषयी न लिहिल्यास वाचक विचारतील. आपल्या तालमींत हौदाच्या लाल मातीत हळद, ताक, तेल व लिंबू मिसळण्याची जुनी रीत आहे, स्वयंपाकात तर हळद रोजच लागते, आणि त्यात गैर काहीच नाही. हळदीतले कुर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या पेशींवर दाह कमी करते, हे खरे आहे. पण हळदीत ते साधारण ३ टक्केच असते, आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि शोषलेलेही यकृत लगेच निकालात काढते. शोषण वाढावे म्हणून मिरीचा अर्क घातलेल्या तीव्र कॅप्सूलमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण परदेशांत नोंदवले गेले आहेत. भाजीतल्या हळदीवरून कॅप्सूलला निर्धोक मानू नये.

माझ्या मागण्या साध्या आहेत. डायक्लोफिनॅक, तसेच प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडे शेड्यूल एच या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत येतात, ती चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत, याकडे अन्न व औषध प्रशासनाने आमच्या जिल्ह्यात, विशेषतः हंगामाच्या काळात ऊसतोड मजुरांच्या अड्ड्यांजवळच्या दुकानांत, प्रत्यक्ष लक्ष घालावे. बाजारात मिळणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांचे नमुने घेऊन त्यांत स्टेरॉइड आहे का, हे तपासावे आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवावेत. फाउंड्री कामगारांच्या वार्षिक तपासणीत छातीचा एक्स-रे व फुप्फुसाची क्षमता पाहिली जावी आणि तिचा अहवाल कामगाराच्या हातात मिळावा. आपल्या दैनिकाने आरोग्याच्या पानावर एखादा उपाय छापताना तो कोणी करू नये, हेही त्याच ठिकाणी छापावे, अशी विनंती आहे.

एक सूचना तातडीची आहे. जे रुग्ण सध्या अशी पुडी घेत आहेत त्यांनी हे पत्र वाचून ती उद्यापासून परस्पर बंद करू नये. ग्रंथी झोपलेल्या असताना स्टेरॉइड एकदम थांबले तर उलट्या, चक्कर, कमालीचा अशक्तपणा येऊन रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो आणि ताप किंवा अपघात झाल्यास जीवही जाऊ शकतो. पुडी व तिचा कागद बरोबर घेऊन सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात किंवा आपल्या एमडी डॉक्टरांकडे जावे, किती दिवसांपासून घेत आहोत ते न लाजता सांगावे, आणि ते मात्रा जशी उतरवायला सांगतील तशीच उतरवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
राजारामपुरी, कोल्हापूर